बंबाच्या पोटातली गळती

बंब गळतोय हे बरेच दिवस आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण पाणी बाहेर येतच नव्हतं. ते आत विस्तवावर पडत होतं. न्हाणीघराची फरशी कोरडी, तोटी घट्ट, बाहेरच्या तांब्यावर एक थेंब नाही. फक्त रोज सकाळी अण्णा बंब पेटवायचे आणि थोड्या वेळाने तो विझायचा.

अण्णा म्हणजे माझे सासरे. राजाजीनगरातल्या ह्या घरात त्यांना सगळेच अण्णा म्हणतात. मुलगा, सून, शेजारीपाजारी, दूधवाला. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेलं, त्यामुळे घरातलं मराठी निम्मं कानडीत भिजलेलं. मी सांगलीची. लग्न होऊन आले तेव्हा 'जरा थांब'ला 'स्वल्प थांब' आणि 'बरं'ला 'सरी' ऐकून मला हसू यायचं. आता मी स्वतः तसंच बोलते आणि माहेरचे हसतात.

बंबाची रचना साधी असते. तांब्याचं उंच पिंप, त्याच्या पोटातून मधोमध आरपार गेलेली नळी. नळीत विस्तव, नळीभोवती पाणी. वरून इंधन टाकायचं, खालच्या जाळीतून राख पडते, बाजूच्या तोटीतून कढत पाणी येतं. आमच्या गच्चीवर सोलर आहे आणि बाकी घर त्याच पाण्यावर चालतं. अण्णांची आंघोळ मात्र बंबाची. सासूबाई गेल्यावर मी एकदा बंब मोडीत घालायचा विषय काढला होता. मला न्हाणीघरात वॉशिंग मशीन ठेवायचं होतं. नवरा 'बघू' म्हणाला, आणि तेवढ्यात अण्णांचं विसरणं सुरू झालं, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

विसरणं वाढत गेलं तशी आम्ही त्यांची कामं एकेक करून काढून घेतली. आधी बँक, मग गॅस, मग घराची किल्ली. एकदा भाजी आणायला म्हणून निघाले आणि बसमध्ये बसून येलहंक्याला पोचले. कंडक्टरला त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर नवऱ्याचा फोन नंबर सापडला म्हणून घरी आले. त्यानंतर एकट्याने मोठ्या रस्त्याला जाणं बंद झालं. शेजारच्या घरापर्यंत जायचे तेवढंच. बंब तेवढा त्यांच्याकडे राहिला. त्यात विस्तव नळीत बंद असतो, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून न्हाणीघराचं दार समोर दिसतं, म्हणून आम्ही चालू दिलं. रोज उठून करवंट्यांचे तुकडे करायचे, सुताराच्या दुकानातून आणलेल्या ढलप्या निवडायच्या, आधी पाणी भरायचं, मग कागद पेटवायचा. ह्यातलं ते काहीही विसरत नसत. माझं नाव अधूनमधून विसरत होते.

संक्रांतीच्या आधीची थंडी होती. एका सकाळी मी डबे भरत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

"आज पेटत नाही," म्हणाले.

"ढलप्या ओल्या असतील, अण्णा."

"ढलप्या नाहीत ओल्या."

मी वर बघितलं नाही. सकाळी मला वर बघायला वेळ नसतो. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळते आणि तिथे पोचायला रस्ता किती वेळ घेईल ते रस्त्याच्या मर्जीवर असतं. "कापूर घाला जरा," असं नवऱ्याने आतून सांगितलं. तो घरूनच काम करतो, त्यामुळे त्याच्या सगळ्या सूचना आतून येतात. अण्णांनी कापूर घातला. भपकन पेटलं आणि विझलं.

असं रोज होऊ लागलं. अण्णा आंघोळीशिवाय खात नाहीत. त्यामुळे बंब विझला की आंघोळ नाही, आंघोळ नाही की नाश्ता नाही, आणि ते तसेच पायरीवर बसून राहत. मी सोलरच्या पाण्याची बादली भरून दिली.

"हे कुठलं पाणी?"

"गच्चीवरचं. चांगलं कढत आहे."

"ते तुमचं. माझं मी तापवतो."

मग दुपारी कधीतरी नवरा चिडून, विनवून, अंगावर दोन तांबे घालायचा. रात्री मला सांगायचा, "तुला काय, तू कारखान्यात असतेस." मी म्हणायचे, "चला, उद्या तुम्ही जा पीण्याला, मी घालते आंघोळ." हे आमचं नेहमीचं. पण ह्यात एक गोष्ट नवी होती. अण्णा पायरीवर बसून स्वतःच्या तळहाताकडे बघायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझा हात गेला बघ. विस्तवसुद्धा ऐकत नाही आता." हे ते रडून म्हणत नव्हते. गणित चुकलेल्या मुलाला सांगावं तसं सांगत होते.

त्या रविवारी मी राख काढायला बसले. राख नव्हतीच, काला होता. नळीत टॉर्च मारला आणि कान लावला. थेंब पडल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने पुन्हा आला. नळीला भोक पडलं होतं. विस्तव पेटून पाणी जरा गरम झालं की थेंबाची धार व्हायची आणि विस्तव विझायचा.

मी अण्णांना हात धरून आणलं, ओली राख दाखवली. "बंब गळतोय. तुमच्या हाताचं काही नाही."

त्यांनी राख बोटावर घेऊन बघितली. "असं होय," म्हणाले. त्या दिवशी सोलरच्या पाण्याने आंघोळ करून दोन डोसे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करवंट्या फोडल्या, पेटवलं, विझलं, आणि पायरीवर बसले. "माझा हात गेला बघ." गळतीची गोष्ट रात्रीत पुसली गेली होती. मी पुन्हा सांगितलं, राख दाखवली. पुन्हा "असं होय." तिसऱ्या दिवशी तेच. गळती त्यांच्या लक्षात राहत नव्हती, विझणं मात्र राहत होतं. रोज सकाळी डब्याच्या गडबडीत एका माणसाला त्याचा हात शाबूत आहे हे पटवून देणं हे माझ्या कामांत वाढलं. करवंट्या लपवून बघितल्या तर ते वर्तमानपत्रं फाडून पेटवायला लागले. तेव्हा दुरुस्तीला पर्याय नव्हता.

आधी आमचा नेहमीचा प्लंबर आला. त्याने बंबाभोवती एक फेरी मारली. "मेडम, हे देवळातलं आहे का?"

"घरातलं आहे. नळी गळते आतून."

"ह्याचं आता कोण करतं? गीझर घ्या, अर्ध्या दिवसात बसवतो."

"गीझर नको आहे. गळती बंद करून हवी आहे."

त्याने दोन वड्या एकत्र मळून करतात ती इपॉक्सी पुट्टी भोकावर लावली. मी विचारलं, विस्तवात टिकेल का? म्हणाला, लोखंडासारखी होते. लोखंडासारखी झाली, आणि दोन सकाळींत जळून कोळसा झाली. न्हाणीघरात प्लास्टिक जळल्याचा वास आठवडाभर होता.

मग पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, एका गल्लीत भांड्यांना डाख देणारा माणूस अजून बसतो असं कळलं. डाख म्हणजे कथील वितळवून भोक बुजवायचं. बंब उचलून गाडीच्या मागच्या सीटवर आडवा घातला, त्याला सीटबेल्ट लावला, आणि नवरा-बायको आम्ही निघालो. त्या माणसाने वरचं झाकण काढून आत बल्ब सोडला. मी पहिल्यांदाच बंब आतून बघितला. चुना फासलेल्या भिंतीसारखा पांढरा होता. आमचं पाणी बोअरचं, त्याचा क्षार किटलीत जमतो तसा इथे जाडजूड जमला होता. त्याने नळीतलं भोक शोधलं, घासलं, डाख दिला, पाणी भरून दाखवलं. थेंब नाही. जाताना एकच म्हणाला, "पाणी नसताना पेटवू नका. डाख वितळेल." हे आम्हाला ठाऊक होतं. बंब असलेल्या कुठल्याही घरात हे ठाऊक असतं.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. बंब पेटायचा, अण्णा न्हायचे, कपाळाला गंध लावून टेबलाशी बसायचे. एकदा म्हणाले, चटणीत मीठ कमी आहे. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागले म्हणजे अण्णा ठीक आहेत, हे मला इतक्या वर्षांत कळलं होतं.

आणि मग एका सकाळी पुन्हा विझला.

ह्या वेळी नवरा ताडकन उठून बाहेर आला. जिन्याखाली मला बाजूला घेऊन म्हणाला, "डाख वितळला. कळलं का तुला ह्याचा अर्थ? अण्णांनी कोरडा पेटवला."

"बघितलंत तुम्ही?"

"बघायला कशाला पाहिजे? त्या माणसाने काय सांगितलं होतं? आज पाणी भरायला विसरले, उद्या पेटता कागद धोतरावर पडेल. शनिवारी माणूस बोलावतो. बंब न्यायचा आणि गीझर बसवायचा. मी इथे मीटिंगमध्ये असतो, माझं लक्ष नसतं. काही झालं तर?"

तो रागावला नव्हता, घाबरला होता. खरं सांगायचं तर बंब गेला असता तर मला सुटल्यासारखं झालं असतं. धूर नाही, राख नाही, सुताराकडे पिशवी घेऊन जाणं नाही. पण कारण कोरडा पेटवल्याचं असेल तरच तो न्यायचा, असं मनात होतं. कारखान्यात एखादा पार्ट फेल झाला की आधी पार्ट बघायचा आणि मग दोष कोणाचा ते ठरवायचं, हे माझं रोजचं काम आहे. आणि इथे दोष ठरला की अण्णांकडचं शेवटचं काम जाणार होतं. मी म्हटलं, "शनिवारपर्यंत थांबा. मला बघू दे."

संध्याकाळी कारखान्यातून आले, चहा न घेता न्हाणीघरात गेले. पर्समधला आरसा नळीत धरून टॉर्च मारला. डाख होता तसाच होता, कडांसकट. बंब कोरडा पेटवला असता तर तो आधी ओघळला असता. पाणी दुसरीकडूनच येत होतं, बरंच खालून, आणि एका नाही तर तीन-चार बारीक भोकांतून. मग वरचं झाकण काढून आत बघितलं. पांढरा चुना गेला होता. आतलं तांबं नव्या भांड्यासारखं गुलाबी होतं.

मी तिथेच उकिडवी बसले. क्षार आपोआप जात नाही. तोटी सोडली तर धार नीट येत नव्हती. तोटी फिरवून काढली तेव्हा तिच्या तोंडाशी चोथा अडकलेला, दोरे दोरे असलेला, तपकिरी. नाकाशी नेला. चिंच.

चिंचेवरून मला आणखी एक गोष्ट आठवली. डब्यातली चिंच हल्ली फार लवकर संपत होती. मी आमच्या स्वयंपाकाच्या बाईंना त्यावरून विचारलंही होतं, आणि त्या फणकारल्या होत्या, "मी काय चिंचा खाते का ताई, ह्या वयात?"

शेजारच्या अक्का कुंपणापाशी कपडे काढत होत्या. आमचं बोलणं कानडीत चालतं. मी विचारलं, "अक्का, अण्णा तुमच्याकडे कधी चिंच मागायला येतात का?"

"येतात की. रोज नाही, पण येतात. गावाकडची हुणसे आहे आमच्याकडे, दुकानातल्यासारखी काळी नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून जरा थांबल्या. "तुला सांगून येत नाहीत?"

"काय म्हणून मागतात?"

"उद्या पाणी भरायचा सण आहे म्हणतात. मी म्हटलं, अण्णा, संक्रांतीचे तिळगूळ अजून संपले नाहीत, दिवाळी कुठली? तर मला म्हणाले, तुला काय कळतं, पंचांग बघ. आता ते मास्तर, त्यांच्याशी कोण वाद घालणार? दिली मी. म्हातारा माणूस चिंच मागतो, सोनं नाही मागत."

पाणी भरायचा सण इकडे नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी असतो. न्हाणीघर धुवायचं, बंब लख्ख घासायचा, त्यावर चुन्याच्या आणि कुंकवाच्या रेघा ओढायच्या, गळ्यात वेल बांधायचा, आणि तिन्हीसांजेला ताजं पाणी भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशीची अभ्यंगाची आंघोळ त्या पाण्याची. आमच्या घरात त्यात एक पायरी जास्त आहे. दुपारी बंबात चिंचेचं पाणी ओतून ठेवायचं, सगळा मळ सुटला की सोडून द्यायचं. सांगलीला मी असं कधी बघितलं नव्हतं. वर्षातून एकदा ठीक होतं. वरचा थर जायचा, खालचा राहायचा. आठवड्यातून दोनदा केल्यावर काय राहणार? तांबं म्हातारं झालं होतं, कागदासारखं. ठिकठिकाणी भोकं होती आणि त्यांच्यावर क्षाराची खपली धरली होती. अण्णा ती खपली काढत होते. डाख देणाऱ्याने एक भोक बुजवलं, अण्णांनी चिंच घालून बाकीची उघडी केली.

नवऱ्याला न्हाणीघरात नेऊन डाख दाखवला, आतलं गुलाबी तांबं दाखवलं, चोथा दाखवला. तो बराच वेळ झाकण हातात धरून आत बघत होता.

"चिंचेचं पाणी आई घालायची," म्हणाला. "अण्णा नुसतं पाणी भरायचे. ते आईचं काम."

"कोरडा पेटवलेला नाही त्यांनी."

"नाही."

"मग शनिवारच्या माणसाला नको म्हणून फोन करा."

त्याने केला.

एकेक भोक बुजवण्यात आता अर्थ नव्हता. नळीच बदलायला हवी होती. आमच्या कारखान्याला तांब्याच्या कॉइल देणारा एक वर्कशॉपवाला कारखान्याच्याच गल्लीत आहे. बंब टेम्पोत घालून त्याच्याकडे नेला. त्याने हात पुसत पुसत बघितलं.

"मेडम, तुमच्या घरी गीझर नाही?"

"सोलर आहे."

"मग हे?"

"हे सासऱ्यांचं."

"सरी. ठेवून जा. पण रोज फोन करू नका. तुमचा फोन आला की हातातलं काम सुटतं."

रोज नाही, एक दिवसाआड केला. कारखान्याचा माल वेळेवर मिळावा म्हणून दिवसभर लोकांच्या मागे लागायचं आणि मधल्या सुट्टीत बंबासाठी. नळी मिळाली पण जाडी वेगळी निघाली. मग वेल्डर गावी गेला. मग मोठी ऑर्डर आली, त्यात माझ्याच कारखान्याची होती, आणि ती आधी कर असं मलाच सांगावं लागलं.

घरी अण्णा सकाळी करवंट्यांची पाटी घेऊन न्हाणीघरात जायचे आणि पाटी घेऊन परत यायचे.

"बंब कुठे गेला?"

"दुरुस्तीला."

"कोणी नेला?"

"मी."

"विचारलंस का मला?"

विचारलं होतं. अण्णांनीच टेम्पोवाल्याला दोरी कशी बांधायची ते सांगितलं होतं. मी म्हणायचे, "चुकलं, अण्णा. येईल लवकर." भिंतीवर बंबाच्या धुराचा काळा पट्टा होता, तिथे हात लावून ते उभे राहायचे. मग एके दिवशी पाटी न घेता गेले. मग जायचेच बंद झाले. सोलरची बादली दिली तर मुकाट्याने न्हायला लागले. नवरा म्हणाला, "बरं झालं की. सवय लागली." घरात खरंच शांतता झाली होती. सकाळी कोणी काही विचारत नव्हतं, चटणीत मीठ कमी आहे का जास्त तेही कोणी सांगत नव्हतं. पुढ्यात ठेवलं ते खायचे आणि खुर्चीत बसायचे, संध्याकाळी उठवेपर्यंत. मी वर्कशॉपवाल्याला रोज फोन करायला लागले.

शिवरात्र होऊन गेल्यावर बंब आला. थंडी संपली होती. नवी नळी, बुडाशी आणि तोंडाशी पक्कं ब्रेझिंग, म्हणजे विस्तवाने न वितळणारा पितळी सांधा, डाख नाही. वरच्या झाकणाला मी चावीने उघडणारा नट बसवून घेतला होता आणि पाणी ओतायला बाजूने बारीक जाळीचं नरसाळं. चावी माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात. बाहेरून हवा तेवढा घासू देत, आत काही जायचं नाही. अक्कांनाही सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, "मी नाही म्हणायची नाही. छोटी गोळी देईन." मी म्हटलं, द्या.

रात्रभर पाणी भरून ठेवलं. सकाळी जाळीखाली मुद्दाम ठेवलेला कागद कोरडा होता. मी करवंट्या, ढलप्या, काडेपेटी सगळं अण्णांच्या स्टुलाजवळ मांडलं आणि त्यांना घेऊन आले.

ते स्टुलावर बसले. बंबाकडे बघितलं, काडेपेटीकडे बघितलं. हात मांडीवरच होते. मी थांबले. नवरा दारात येऊन उभा राहिला, त्याला मी मानेने आत जायला सांगितलं. बराच वेळ गेला. मला गाडी काढायची होती.

"पेटवा की, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघणं सभ्य होतं, पाहुण्याकडे बघावं तसं. काडेपेटी कशासाठी आहे हे ते कोणी सांगायची वाट बघत होते. नळी बदलायला एवढे दिवस लागले आणि तेवढ्या दिवसांत हे निघून गेलं होतं.

बोलून उपयोग नव्हता, आणि उशीर होत होता. त्यांची आंघोळ तरी व्हायला हवी म्हणून मी पदर खोचला, करवंट्या उचलल्या आणि नळीत टाकल्या. वर ढलप्या कोंबल्या. खालून कागद पेटवला. धूर झाला, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, खोकला आला. मी दुसरा कागद पेटवला. पुन्हा धूर.

"अगं," मागून आवाज आला.

मी वळले.

"एवढं कोंबतात का? हवा कुठून जाईल? काढ ते."

"काय काढू?"

"वरचं. सगळं काढ. आधी बारीक, मग जाड. घरी शिकवलं नाही कोणी?"

"नाही शिकवलं," मी म्हटलं, आणि चिमट्याने ढलप्या बाहेर काढल्या.

"आता करवंटी घाल. उभी. उभी म्हटलं. तिरपी नको. पाणी भरलंस का आधी?"

"भरलंय."

"दाखव."

मी तोटी सोडून पाणी दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग कागद पेटवला, ह्या वेळी जाळ धरला. करवंट्या तडतडायला लागल्या, नळी घुमायला लागली. अण्णा उठले, वाकले, तळहात बंबाच्या पोटाला लावून धरला आणि थोड्या वेळाने काढला. माझ्या धुराने माखलेल्या तोंडाकडे बघून म्हणाले, "पास. काठावर."

त्या दिवशी मला कारखान्यात पोचायला उशीर झाला आणि अण्णांनी आंघोळीनंतर तीन इडल्या खाल्ल्या, असं नवऱ्याने फोनवर सांगितलं. त्याने हेही विचारलं, "पण पेटवायचा अण्णांनी होता ना? म्हणून तर एवढं केलं." मी म्हटलं, हो, पेटवायचा त्यांनीच होता.

तेव्हापासून बंब मी पेटवते. मला जे काम कमी करायचं होतं ते माझ्याच गळ्यात पडलं आणि सकाळ आणखी आधी सुरू झाली. अण्णा आधी येऊन स्टुलावर बसलेले असतात. ढलप्या बारीक का केल्या नाहीत विचारतात, करवंटीची शेंडी का काढली नाही विचारतात, कालची राख पूर्ण निघाली का ते वाकून बघतात. मी कोण हे काही दिवस त्यांना ठाऊक असतं, काही दिवस नसतं. नसलं तरी मला हे काम नीट येत नाही एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं. नवऱ्याने एकदा मदत करायला म्हणून पेटवलं, तर त्याला उठवलं आणि मला बोलवायला पाठवलं.

आज ढलप्या दमट होत्या. पेटायला वेळ लागला, मला धाप लागली. पाणी तापलं तेव्हा ते पंचा खांद्यावर टाकून उठले, माझ्याजवळून आत जाताना थांबले.

"उद्या स्वल्प लवकर ऊठ," म्हणाले.

"सरी," मी म्हटलं, आणि हात धुवायला गेले.